शिसवी पलंगातून क्लासिकल गिटार: कोणतं लाकूड कुठे वापरावं?

शंकासूर
घरात एक जुना शिसवी पलंग सुटा करून ठेवलेला आहे. परत जोडून वापरला जाणार नाही आणि मोडीत द्यायला कोणी तयार नाही. त्यातून नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार करून घ्यावी, म्हणजे पुढच्या पिढीकडे वापरातली वस्तू म्हणून जाईल, असा विचार चालू आहे. वाजवणारी मुलगी घरात आहे, पुढे ती परदेशीही जाईल.

मापं अशी: उशाची फळी ९०० × ३८० × २५ मिमी, दोन्ही बाजूच्या लांब पाट्या १८५० × १३० × ३८ मिमी, चार कातीव पाय, शिवाय आडव्या पट्ट्या (त्या बहुतेक सागवानी असाव्यात). एवढ्यातून अख्खी गिटार निघेल का? निघत नसेल तर कोणता भाग यातला करावा आणि कोणता बाहेरून आणावा? आणि कारागिराला लाकूड देताना काय सांगून ठेवावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अर्धवटराव
कातीव पायही गिटारलाच लावा. आपली आपण उभी राहील, स्टँडचा खर्च वाचला.

काटकोन
अख्खी निघणार नाही, आणि निघत असती तरी करू नये.

गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या पाटीतून येतो. आपले सतारवाले तिला तबली म्हणतात, मीही तेच म्हणतो. तबली हलकी आणि तरीही ताठ लागते. म्हणून ती युरोपियन स्प्रूसची नाहीतर वेस्टर्न रेड सीडरची करतात. स्प्रूसची घनता घनमीटरला ४०० ते ४५० किलो, सीडरची त्याहून कमी. सागवान ६५० च्या आसपास, शिसव ८०० च्या वर. सहा नायलॉन तारांचा एकूण ताण जेमतेम ४० किलो असतो. तेवढ्या ताणाने शिसवी तबली हलवायची तर ती इतकी पातळ करावी लागेल की ब्रिजसकट (ब्रिज म्हणजे तबलीवरची तारा बांधायची पट्टी) पोटात जाईल. त्यामुळे तबली बाहेरूनच आणा, आणि बजेटमधला सगळ्यात चांगला तुकडा तिच्यासाठी घ्या. पलंगाच्या मायेपोटी तिथे तडजोड नको.

मान (नेक) पण शिसवी नको. जड होते, मांडीवर घेतली की डोक्याकडून खाली झुकते.

उरलं काय? पाठ, बाजू, ब्रिज, डोक्यावरची पातळ चकती, कडेच्या पट्ट्या आणि हवं तर आवाजाच्या भोकाभोवतीची नक्षी. शिसवाला एवढं पुष्कळ झालं. आपल्याच देशातली शिसव जगभरचे गिटारवाले पाठीसाठी वर्षानुवर्षं वापरत आलेत.

लाकूडतोड्या
काटकोन यांच्याशी सहमत. आता तुमच्या मापांकडे येऊ.

नेहमीच्या मापाच्या गिटारची पाठ सर्वात रुंद जागी ३६५ ते ३७० मिमी असते. पाठ मधोमध जोडून करतात, म्हणजे प्रत्येक अर्धाला १८५ आणि कडेला थोडं जास्तीचं, म्हणजे १९५ तरी हवेत. लांबी ५२० पुरते. तुमची फळी ३८०. मधून कापली की करवतीची वाट जाऊन १८९ चे दोन भाग. काठावरचा हिशोब आहे. एक कड जरी कुजकी किंवा भोकं पडलेली निघाली तरी गणित फसतं. तसं झालं तर तीन तुकड्यांची पाठ करा, मधे पाचरीच्या आकाराची पट्टी. ती पद्धतही जुनी आणि प्रतिष्ठित आहे, तिला जुगाड समजू नका.

पण रुंदीच्या आधी रेघा बघा. फळीच्या डोक्याकडून, म्हणजे जिथे आडवा छेद दिसतो तिथून, वार्षिक रेघा फळीच्या सपाटीला उभ्या आहेत की आडव्या, हे तपासा. एवढी रुंद फळी बहुतेक वेळा ओंडक्यातून सपाट कापलेली असते. मग मधल्या भागात रेघा आडव्या आणि कडांकडे उभ्या होत जातात. उभ्या रेघांचं लाकूड हवेप्रमाणे कमी हलतं. आडव्या रेघांचं साधारण दुप्पट हलतं, पाठ पन्हाळीसारखी वळते. म्हणून कडांकडचा भाग पाठीला आणि मधला ब्रिज-चकतीला.

लांब पाट्यांतून बाजू मस्त निघतील. बाजूला ८०० × १०५ × ३ मिमी अशा दोन पट्ट्या लागतात आणि त्या एकाच पाटीतून शेजारी-शेजारी कापलेल्या असाव्यात, म्हणजे दोन्हीकडे रेघा सारख्या जुळतात. पाटीच्या टोकांना पलंगाचे लोखंडी हूक बसवलेले असतात. तिथून १०० मिमी सोडून द्या, कारण शिसवात लोखंड गंजलं की काळा डाग खोल जातो.

कापायच्या आधी मेटल डिटेक्टर फिरवाच. तुटलेल्या खिळ्याचं अर्धं टोक आत असतं आणि बँडसॉचं पातं जातं. वखारवाला मग तुमच्या नावाने शंख करतो.

२५ मिमीच्या फळीतून ४ मिमीचे पाच काप कागदावर निघतात. दर कापाला मिलिमीटरभर भुसा, वरचं पॉलिश काढायला रंधा, शिवाय फळीचा पीळ. चार निघाले तरी नशीब समजा. कापल्यावर लगेच घासून २.५ ला आणू नका. पन्नास-साठ वर्षांचं वाळलेलं लाकूड असलं तरी आतला ताण कापल्यावरच सुटतो. मधे पट्ट्या घालून, वर वजन ठेवून निदान दोन-तीन महिने पडू द्यावं.

पणजीकर
एक आगाऊ शंका. पलंग शिसवीच आहे ना? गोव्यात आणि कोकणात जुन्या घरांतून शिसवी म्हणून विकलेलं पुष्कळ फर्निचर काळं पॉलिश मारलेलं सागवान असतं. खालच्या बाजूला, जिथे पॉलिश नाही तिथे रंध्याने एक पापुद्रा काढा. शिसव असेल तर ताजा रंग जांभळट तपकिरी, मधे काळ्या रेघा आणि गोडसर वास. सागाला चामड्यासारखा वास आणि हाताला तेलकटपणा. उत्तरेकडचं शिशम निघालं तर रंग सोनेरी तपकिरीकडे जातो. तेही नातलगच आहे, गिटारला चालतं, पण आपण काय कापतोय ते माहीत हवं.

फळीच्या कडेचा पिवळट-पांढरा भाग असेल तर तो काढून टाका. भुंगा तिथेच लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ते लाकूड कारखान्यात नेऊच नका, बाकीच्या मालालाही लागेल.

शंकासूर
पापुद्रा काढून बघितला. जांभळट आहे आणि वास खरंच गोड आहे. आडव्या पट्ट्या मात्र सागवानीच.

आडवा_तिडवा
थोडा विरोधी सूर लावतो. पाठ-बाजू शिसवी असल्या की आवाज 'खोल' येतो वगैरे जे सांगतात, त्यावर फार जाऊ नका. आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) या स्पॅनिश कारागिराने आजच्या क्लासिकल गिटारचा साचा घालून दिला. त्याने १८६२ मध्ये एक गिटार अशी केली की तबली नेहमीची लाकडी, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. आवाज तबलीतूनच येतो हे दाखवण्यासाठी. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

सांगायचा मुद्दा, पाठीचं लाकूड बेतास बात असलं तरी गिटार चांगली होऊ शकते. पण उलटही खरं. पाठीला वापरलेलं लाकूड पुढे तडकणारं असेल तर तीच गिटार ठेव म्हणून कुचकामी. तेव्हा फळीत जरा जरी शंका असेल तर पाठ-बाजू बाजारातून चांगल्या वाळवलेल्या शिसवीच्या घ्या, आणि पलंगाचं लाकूड ब्रिज, डोक्याची चकती, कडेच्या पट्ट्या आणि नक्षीला वापरा. रोज हात लागतो आणि डोळ्यांना दिसतो तो भाग हाच. पाठ तर वाजवणाऱ्याच्या पोटाला टेकलेली असते, ती कोण बघतं?

काटकोन
@आडवा_तिडवा, तोरेसच्या त्या गिटारवरून 'पाठ कशीही चालते' असं निघत नाही. पाठ किती जड आणि किती ताठ आहे याने फरक पडतोच, फक्त तबलीच्या मानाने कमी. बाकी ब्रिजचं म्हणणं पटलं. ब्रिज साधारण १९० × २८ मिमी, मधे ९-१० मिमी जाड आणि पंखांकडे ३ पर्यंत उतरता. वजन २० ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे. याला उभ्या रेघांचा, गाठ नसलेला तुकडा हवा. लांब पाट्यांच्या उरलेल्या भागात नक्की मिळेल.

मिरजेचा_भोपळा
मानेसाठी तून घ्या. आमच्याकडे मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या दांड्या आणि तबल्या तुनीच्याच करतात. स्पेनमध्ये मानेला जे 'सेड्रो' वापरतात, ते तुनीच्याच कुळातलं झाड. हलकं, सरळ वाढणारं आणि एकदा वाळलं की फारसं न पिळणारं. शिवाय इथे मिळतं.

आणि एवढं सगळं करण्यापेक्षा तंबोराच का करत नाही? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, चार तारा, विषय संपला.

शंकासूर
मुलगी बाख वाजवते हो. तंबोऱ्यावर कसा वाजवायचा?

मिरजेचा_भोपळा
षड्ज-पंचम तर मिळतो. बाकी तिने गळ्याने म्हणावं.

तरी एक सांगतो. तूनची तबली सतारीत चालते म्हणून ती गिटारला लावायला जाऊ नका. सतारीची तबली जाड आणि फुगीर कोरलेली असते, पोटात भोपळा. इथे २.४ मिमीची जवळजवळ सपाट पाटी आहे, आतून पट्ट्यांनी धरलेली. दोन्हींचं काम निराळं.

सरसगड
लाकडावर बरंच झालं. ठेव म्हणून करायची असेल तर माझ्या मते पहिला प्रश्न लाकडाचा नाही, उघडता येण्याचा आहे. पन्नास वर्षांत ही गिटार दोन-तीनदा तरी दुरुस्तीला जाणार: तबलीला तडा, ब्रिज सुटणे, आतली पट्टी सुटणे, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या तारा) बदलणे. तेव्हाच्या कारागिराला सांधा न फोडता सोडवता आला पाहिजे. म्हणून पाठ, ब्रिज आणि फिंगरबोर्ड (मानेवरची फ्रेट बसवलेली पट्टी) हे तीन सांधे असल्या गोंदाने जोडा जो उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. इपॉक्सीने चिकटवलेली पाठ काढायची म्हणजे पाठ फोडायची.

सगळ्यात जुना आणि उत्तम म्हणजे सरस. वजनाने एक भाग सरस, दोन भाग थंड पाणी, फुगेपर्यंत भिजवा. मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० ते ६३ अंशांवर पातळ करा. ७० च्या वर गेला की ताकद उतरते, उकळला तर फेकून द्या. ब्रशने उचलल्यावर तुटक थेंब न पडता पातळ साईसारखा सलग ओघळला पाहिजे. लावल्यापासून गोठायला मिनिटही मिळत नाही. म्हणून दोन्ही तुकडे आधी हेअर ड्रायरने कोमट करा आणि क्लॅम्प कोरडे लावून एकदा रंगीत तालीम करून घ्या.

हे जमणार नसेल तर गिटारवाले वापरतात तो पिवळा वुड ग्लू घ्या, तोही गरम सुरीने सुटतो. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद ब्रिजला नको. सतत ताणाखाली तो सावकाश सरकतो, उन्हात गाडीत राहिली तर आणखीच.

शिसव तेलकट असते. चिकटवायच्या आधी त्याच दिवशी पटाशीने किंवा रंध्याने ताजा पृष्ठभाग काढा. आठवडाभर आधी घासून ठेवलेल्या शिसवीवर कोणताही गोंद नीट धरत नाही.

धाकटी_पाती
सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा ना? आमच्याकडे आजी विचारणार.

सरसगड
हो. आणि नट-सॅडल (डोक्याकडे नट, ब्रिजवर सॅडल, तारा टेकतात त्या पट्ट्या) हाडाचे. आणि वरचं लाखेचं पॉलिश किड्याचं. आजींना गिटार ऐकवा, घटकपदार्थ वाचून दाखवू नका.

खरंच अडत असेल तर सॅडलला मायकार्टा (हाडाऐवजी वापरतात ते कृत्रिम साहित्य) चालतं, सरसाऐवजी पिवळा गोंद. हस्तिदंत मात्र कोणी 'घरात जुना आहे' म्हणून दिला तरी घालू नका. बेकायदा आहे, आणि सीमेवर गिटार जप्त होईल ते वेगळंच.

पणजीकर
आता खरा शत्रू: दमट हवा.

जुलैमध्ये गोव्यात, मुंबईत बंद खोलीतही आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते आणि लाकडात १८ टक्क्यांपर्यंत ओलावा बसतो. ४५ टक्के आर्द्रतेत तोच ८-९ टक्के. या दोन टोकांत ३७० मिमी रुंदीची स्प्रूसची तबली काही मिलिमीटर आक्रसते. आतल्या आडव्या पट्ट्या मात्र त्यांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाहीत. आता पावसाळ्यात फुगलेल्या तबलीला आतून पट्ट्या चिकटवल्या, बाजू बसवल्या, पाठ लावून पेटी बंद केली. मे महिना आला, किंवा गिटार हीटरच्या घरात गेली, की तबलीला आक्रसायचंय आणि चारी बाजूंनी धरून ठेवलंय. ती फाटणारच. बहुतेक फिंगरबोर्डच्या कडेने किंवा ब्रिजच्या मागे.

म्हणून पट्ट्या चिकटवणं आणि पेटी बंद करणं, ही दोन कामं ४० ते ४५ टक्के आर्द्रतेतच करायची. तबली आणि पाठ त्या हवेत आठवडाभर आधी ठेवलेली हवी. लहान खोलीत डीह्युमिडिफायर लावून हे जमतं. मान कोरणं, नक्षी, फिंगरबोर्डच्या खाचा, ब्रिज घडवणं ही कामं पावसाळ्यात खुशाल करा. कोरडी बांधलेली गिटार पावसाळ्यात फुगते, पोट थोडं वर येतं, तारा उंच होतात, पण फाटत नाही. उलट केलं तर फाटते.

कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारा: पेटी बंद करताना खोलीत आर्द्रता किती होती ते लिहून ठेवता का? 'आमच्याकडे काही प्रॉब्लेम येत नाही' असं उत्तर आलं तर दुसरा कारागीर बघा.

स्वस्त आर्द्रतामापक दहा-पंधरा टक्क्यांनी चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलसर करा (पूर्ण विरघळू नका), मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक तेवढी दुरुस्ती लक्षात ठेवायची.

लाकूडतोड्या
+१. ही पोस्ट चिकटवून ठेवा कोणीतरी. (सरसाने.)

न्यूजर्सीकर_काकू
परदेशाचा उल्लेख आहे म्हणून लिहिते. इथे जानेवारीत हीटर चालू असताना घरात आर्द्रता २०-२५ वर येते. कोरडी बांधलेली गिटारसुद्धा उघडी ठेवली तर तडकते. केसमध्ये ठेवायची, आत ओल देणारं पाकीट, आणि केसमध्येच मापक. बाहेरच्या भिंतीवर टांगायची नाही. भारतातही काचेच्या शोकेसमध्ये दिवा लावून ठेवू नका. तो पिवळा दिवा आतली हवा भाजून काढतो.

कागदपत्रांचं: शिसवीसकट डाल्बर्जिया वंशातली लाकडं २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. सुरुवातीला तयार वाद्यांनाही त्याचा जाच होता. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि साहित्य यांना सूट आहे. म्हणजे पूर्ण झालेली गिटार घेऊन येता येईल. कच्च्या फळ्यांना मात्र ती सूट नाही. 'इथे आणून इथल्या कारागिराकडून करून घेऊ' असा बेत कोणाच्या डोक्यात असेल तर तो सोडा. ब्राझिलियन रोजवूडच्या वाटेला तर जाऊच नका, ती पहिल्या परिशिष्टात आहे.

काटकोन
काही मापं देऊन ठेवतो, कारागिराशी बोलताना कामी येतील.

तारेची लांबी ६५० मिमी ही नेहमीची. हात लहान असेल तर ६४० किंवा ६३०. ठेव आहे म्हणून लगेच मुलीच्या आजच्या हाताचं माप घेऊ नका. नटपाशी फिंगरबोर्डची रुंदी ५२ मिमी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेकडे ४, बारीककडे ३ मिमी. मानेला पुढच्या बाजूला थोडा कल द्यायचा, म्हणजे सॅडल तबलीपासून १०-११ मिमी वर येतं आणि पुढे कधी मान ओढली गेली तर खाली घासायला जागा उरते. सुरुवातीलाच ७-८ मिमी सॅडल असेल तर दहा वर्षांनी ती गिटार खर्चात काढते.

फ्रेटचं अंतर: ६५० ला १७.८१७ ने भागा, ३६.४८ आला, तो पहिला. उरलेल्या लांबीला परत भागायचं. दुसरा नटपासून ७०.९२, बारावा बरोबर ३२५. फिंगरबोर्डवर खुणा करताना प्रत्येक फ्रेट नटपासून मोजा, आधीच्या फ्रेटपासून नको, नाहीतर चुका साठत जातात. सॅडल मात्र ६५० वर न ठेवता दीड-दोन मिलिमीटर मागे. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, त्याची ती भरपाई.

आडवा_तिडवा
आणि खुंट्यांची यंत्रं आधी विकत घ्या, डोकं मग कोरा. रुळांमधलं अंतर बहुतेक ३५ मिमी असतं, पण ३९ चीही मिळतात. भोकं पाडून झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

स्प्रूस की सीडर यावर कोणीच भांडलं नाही अजून? धागा इतका शांत कसा?

काटकोन
स्प्रूस. विषय संपला.

आडवा_तिडवा
सीडर. पहिल्या दिवसापासून आवाज मोकळा. स्प्रूसला खुलायला वेळ द्यावा लागतो.

काटकोन
ठेव आहे ना? मग वेळच वेळ आहे. शिवाय सीडर इतकं मऊ की नखाचा ओरखडा कायमचा राहतो. तीन पिढ्यांची नखं लागणार आहेत.

लाकूडतोड्या
बाजू वाकवण्याबद्दल थोडं, कारण पलंगाचं लाकूड गमवायची हीच जागा आहे. पट्टी २ मिमीवर आणायची, ठिकठिकाणी मापून. कुठे २.३ आणि कुठे १.९ असेल तर पातळ जागी टोकदार बाक येतो. गरम पाइप इतका तापलेला हवा की पाण्याचा थेंब नाचत उडून जावा. लाकूड भिजत घालायचं नाही, फवारा पुरे. जास्त पाण्याने पट्टी आडवी पन्हाळते. कमरेपासून सुरुवात करा. जोर लावायचा नाही. लाकूड मऊ झालं की हाताला एकदम ढिलं लागतं, तोपर्यंत थांबायचं. शिसवीतली राळ गरम होऊन बाहेर येते आणि ती वाकायला मदतच करते. गाठीशेजारी किंवा जिथे रेघा पट्टीच्या बाहेर पळतात तिथे मात्र ती चटकन मोडते. म्हणून दोन नव्हे, चार पट्ट्या कापून ठेवा. आधी त्यातली सगळ्यात कुरूप वाकवून बघायची.

आणि मास्क. शिसवीच्या भुशाने अनेकांना पुरळ उठतं, नाक वाहतं. घरात, बाल्कनीत घासायचं काम नाही.

धाकटी_पाती
पॉलिश आपल्या फर्निचरवाल्याकडून करून घेतलं तर? तोही लाखेचंच करतो ना, चपडा आणि स्पिरिट.

सरसगड
जात तीच. पण त्याच्या चपड्यात मेण असतं, बहुतेक रंगही मिसळलेला असतो. गिटारला मेण काढलेली, फिकट लाख घ्यायची. लिटरभर स्पिरिटला साधारण २४० ग्रॅम. एका वेळी थोडीच विरघळवा, सहा महिन्यांनंतर ती नीट कडक होत नाही. काचेवर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशीही नखाला चिकट लागला तर ती बाटली दाराच्या चौकटीला वापरा.

सुती कापडाच्या पुरचुंडीने, तेलाचा एखादा थेंब घेऊन, शेकडो पातळ हात. एक गोष्ट फर्निचरवाल्याला माहीत नसणार: शिसव स्पिरिटमध्ये जांभळा रंग सोडते. कडेच्या पांढऱ्या रेघेवर किंवा स्प्रूसवर तो फिरला की निघत नाही. आधी पांढऱ्या रेघा आणि तबली लाखेने बंद करायची, मग शिसवीकडे वळायचं, आणि दोन्हींना पुरचुंडी वेगळी. पावसाळ्यात पॉलिश करू नका, दुधासारखी साय धरते.

घामाच्या हाताने लाख लवकर झिजते हे खरं. पण कधीही त्याच लाखेने भरून काढता येते, जुन्या थरात नवा मिसळून जातो. पॉलियुरेथेनचा ओरखडा दुरुस्त होत नाही.

शंकासूर
सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं असं धरतोय: तबली स्प्रूसची बाहेरून, मान तूनची, बाजू लांब पाट्यांतून, पाठ उशाच्या फळीच्या कडांमधून (जमलं तर, नाहीतर तीन तुकडे), ब्रिज आणि डोक्याची चकतीही घरचीच. उशाच्या फळीच्या मधोमध एक कोरीव कमळ आहे, हे सांगायचं राहिलं. कोरीवकाम ६-७ मिमी खोल. ते वाचवून पाठ काढता येईल?

लाकूडतोड्या
येईल. कमळ मधे आहे आणि तुम्हाला कडा हव्या आहेत, म्हणजे सोयीचंच. कमळाच्या दोन्ही बाजूंनी उभे काप घ्या. ३८० मधून कमळाचा १२० चा पट्टा वेगळा निघाला तरी दोन्हीकडे १३०-१३० उरतात. त्यातून चार तुकड्यांची पाठ होते, मधल्या जोडावर पातळ पांढरी रेघ. रेघा उभ्या मिळतील, म्हणजे पाठ उलट जास्त स्थिर. तिच्या आडव्या पट्ट्यांना किंचित गोलाई द्यायची, सपाट पाठ पहिल्या उन्हाळ्यातच आत बसते. कमळाचा तुकडा गिटारवर चिकटवायच्या फंदात पडू नका. केसच्या झाकणात आतून बसवा, किंवा तसाच ठेवा.

आडवा_तिडवा
कारागिराशी आधीच कागदावर ठरवा: लाकूड तुमचं आहे, वाकवताना मोडलं तर कोणाचं नुकसान? रीतसर करणारे लोक घरच्या लाकडाची हमी देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मोडलं तर बदली म्हणून त्याच्याकडची कोणती शिसव लागेल ते तेव्हाच दाखवून घ्या. हाताने केलेल्या गिटारला दीडशे-दोनशे तास लागतात, घरच्या लाकडाला कापणं-वाळवणं धरून जास्तच. 'महिन्यात देतो' म्हणणाऱ्याला पलंग दाखवू नका.

सरसगड
आतलं लेबल पाठ लावण्याआधी लिहून, खळीने चिकटवा. नावं आणि साल सगळेच लिहितात. त्याखाली हेही लिहा: कोणता सांधा कोणत्या गोंदाने, पॉलिश कशाचं, पेटी बंद करताना आर्द्रता किती, तारा नायलॉनच्याच. तबलीच्या आतल्या बाजूला हीच माहिती शिसपेन्सिलीने, कारण लेबल कधी तरी सुटतं. त्याच फळीचे चार-सहा पातळ तुकडे, दीडशे मिमीचे, कापडी पिशवीत जपून ठेवा. पुढे तडा भरायला त्याच झाडाचं लाकूड मिळणं याहून मोठी सोय नाही.

न्यूजर्सीकर_काकू
पिशवी भारतातल्या घरीच ठेवा हं. वर लिहिलंय ना, कच्च्या लाकडाला सूट नाही.

अर्धवटराव
'तारा नायलॉनच्याच' हे लेबलवर बारीक अक्षरात नको. भोकातून दिसेल असं मोठ्ठं लिहा. प्रत्येक घरात एक मावसभाऊ असतो, जो सुट्टीत येतो, 'आवाज कमी येतोय' म्हणतो आणि स्टीलच्या तारा चढवतो.

काटकोन
हा विनोद नाही, ब्रिज उखडण्याचं नेहमीचं कारण आहे. स्टीलच्या संचाचा ताण ७० किलोच्या आसपास जातो. तबली त्यासाठी बांधलेलीच नसते. तारांचं एक जादा नायलॉन पाकीट केसमध्ये ठेवा, नॉर्मल टेन्शन. हार्ड टेन्शन घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

शंकासूर
मावसभाऊ आहे. पाकीट दोन ठेवतो.